वारसाने आलेले शेअर्स, फंड आणि ठेवी : कर कशावर, किती आणि कोणाच्या नावावर

वडिलांच्या डिमॅट खात्यातले शेअर्स मुलीच्या नावावर आले, त्या दिवशी तिला आयकर भरावा लागतो का? नाही. ते तिने विकले की मात्र भरावा लागतो. तो मोजताना वडील गेले त्या दिवशीचा भाव धरायचा नसतो, वडिलांनी ते शेअर्स घेतले तेव्हाचा भाव धरायचा असतो. पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे या एका नियमातून निघते. घरोघरी चूकही नेमकी इथेच होते.

भारतात वारसा कर नाही. १९५३ सालचा इस्टेट ड्यूटी कायदा होता, पण मार्च १९८५ नंतरच्या मृत्यूंसाठी तो उठवला गेला. वारसाने किंवा मृत्युपत्राने मिळालेली मालमत्ता आयकराच्या दृष्टीने मिळणाऱ्याचे उत्पन्न धरली जात नाही. रकमेला मर्यादा नाही आणि नात्याची अटही नाही. मृत्युपत्राने मित्राला दिलेले शेअर्ससुद्धा त्याच्या हाती करमुक्तच येतात. इंटरनेटवरचे पुष्कळ लेख अमेरिकेतल्या नियमांवर बेतलेले असतात. तिथे मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव हीच वारसाची नवी खरेदी किंमत ठरते. आपल्याकडे तसे नाही, आणि तो समज डोक्यात ठेवून भरलेले रिटर्न हमखास चुकते.

कलमांच्या क्रमांकांबद्दल एक खुलासा आधीच करायला हवा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. त्यात कलमांची मांडणी आणि क्रमांक बदलले आहेत. खाली जिथे क्रमांक दिले आहेत ते १९६१ च्या जुन्या कायद्यातले आहेत, कारण बँका, ब्रोकर आणि सीए अजून त्याच क्रमांकांनी बोलतात.

मृत्यूची तारीख ही पहिली रेघ

सगळ्या उत्पन्नाचे दोन भाग करा. १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न मृत व्यक्तीच्या पॅनवर दाखवायचे, त्यानंतरचे वारसाच्या पॅनवर. समजा मृत्यू १० जून २०२५ ला झाला. मग वारसाला मृत व्यक्तीची दोन रिटर्न भरावी लागतील: एक २०२४-२५ या पूर्ण वर्षाचे, कारण ते भरायचे राहून गेलेले असते, आणि दुसरे १ एप्रिल ते १० जून २०२५ या काळाचे. दुसऱ्यात काळ जेमतेम सव्वादोन महिन्यांचा असला तरी करमुक्त मर्यादा पूर्ण वर्षाची मिळते, तिचे तुकडे पडत नाहीत. म्हणून त्या छोट्या काळात कापला गेलेला टीडीएस अनेकदा पूर्ण परत मिळतो. उत्पन्न कमी होते म्हणून रिटर्न न भरणे म्हणजे ते पैसे सोडून देणे.

मृत व्यक्तीच्या पॅनने लॉगिन करून रिटर्न भरू नका. वारसाने आपल्या पॅनने आयकर पोर्टलवर जावे, ‘ऑथराइज्ड पार्टनर्स’ या मेनूत ‘रजिस्टर ॲज रिप्रेझेंटेटिव्ह असेसी’ निवडावे आणि नवी विनंती तयार करताना मृत व्यक्तीचा कायदेशीर वारस हा प्रकार घ्यावा. सोबत मृत्यू दाखला, दोघांची पॅन कार्डे आणि वारस असल्याचा पुरावा जोडावा लागतो, हमीपत्र ऐच्छिक असते. वारस असल्याचा पुरावा म्हणून न्यायालयाचा किंवा महसूल कार्यालयाचा वारस दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र, सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश चालतो. बँकेने आपल्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार म्हणून दिलेले पत्रही चालते. हे शेवटचे मिळवायला सगळ्यात सोपे, आणि बऱ्याच घरांत ते कोणाला ठाऊकच नसते. विनंती मंजूर झाली की वारसाला आपल्याच लॉगिनमधून मृत व्यक्तीचे रिटर्न भरता येते.

या शेवटच्या रिटर्नमध्ये दोन गोष्टी हमखास सुटतात. पहिली म्हणजे मृत व्यक्तीचा मागच्या वर्षांतून पुढे ओढलेला भांडवली तोटा. तो त्यांच्याच, मृत्यूपूर्वी झालेल्या नफ्यातून वजा करता येतो. उरलेला तोटा वारसाकडे येत नाही, तिथेच संपतो. दुसरी गोष्ट जबाबदारीची. मृत व्यक्तीची कराची बाकी वारसाला भरावी लागते, पण हाती आलेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच. मात्र बाकी आहे हे समोर असताना ती मालमत्ता विकून टाकली किंवा वाटून टाकली, तर वारस स्वतः जबाबदार ठरू शकतो. जुनी नोटीस प्रलंबित असेल तर तेवढी रक्कम बाजूला ठेवूनच वाटप करावे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नॉमिनी असला की कंपनी किंवा फंड हाऊस त्याच्या नावावर मालमत्ता करून मोकळे होते. त्याने वारसांचे हक्क संपत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत हे स्पष्ट केले: नॉमिनी ही कायदेशीर वारसांसाठी मालमत्ता सांभाळणारी व्यक्ती आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाची मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. यातली आई विसरली जाते. ती हयात असेल तर नातवंडांना जे मिळेल असे वाटते त्यात तिचाही वाटा असतो.

कराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की गुंतवणुकीतून होणारे उत्पन्न खऱ्या वारसाचे धरायचे, कागदावर नाव कोणाचे आहे त्यावरून नव्हे. नॉमिनीकडून वारसांकडे शेअर्स जाणे ही विक्री नाही, त्यावर भांडवली नफा होत नाही. अडचण अशी होती की डिपॉझिटरीच्या (डिमॅट शेअर्सची नोंद ठेवणाऱ्या सीडीएसएल आणि एनएसडीएल या संस्थांच्या) नोंदींत हा व्यवहार सामान्य हस्तांतरासारखा दिसायचा आणि नॉमिनीला प्रश्न विचारले जायचे. म्हणून सेबीने १ जानेवारी २०२६ पासून अशा नोंदींसाठी ‘टीएलएच’ हा स्वतंत्र संकेत ठरवला आहे. नॉमिनीकडून वारसाकडे शेअर्स पाठवताना डिपॉझिटरी पार्टिसिपंटला (डिमॅट खाते जिथे आहे त्या ब्रोकरला किंवा बँकेला) लेखी सांगा की हे कायदेशीर वारसाकडे होणारे ट्रान्समिशन, म्हणजे मृत्यूमुळे होणारा नावबदल, आहे. साध्या ‘ऑफ मार्केट ट्रान्सफर’च्या स्लिपवर भेट असे लिहून काम उरकू नका.

ट्रान्समिशन करताना कराचा विचार

डिमॅटमधल्या शेअर्ससाठी ब्रोकरकडे ट्रान्समिशनचा अर्ज, साक्षांकित मृत्यू दाखला आणि वारसाच्या डिमॅट खात्याचा क्लायंट मास्टर रिपोर्ट द्यावा लागतो. एकट्याच्या नावावरच्या म्युच्युअल फंडासाठी टी-३ हा अर्ज असतो. कागदी शेअर्स असतील तर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे आयएसआर-५ हा अर्ज द्यायचा. पूर्वी तिथून ‘लेटर ऑफ कन्फर्मेशन’ यायचे आणि ते १२० दिवसांत डिमॅट करून घ्यावे लागायचे; एप्रिल २०२६ पासून ते पत्र बंद झाले असून शेअर्स थेट डिमॅट खात्यात जमा होतात. सात वर्षे सलग लाभांश न उचललेले शेअर्स आयईपीएफ या सरकारी निधीकडे गेलेले असतात. ते आयईपीएफ-५ अर्जाने परत मिळतात आणि परत मिळाले म्हणून कर लागत नाही.

ईएलएसएस या करबचतीच्या फंडाची तीन वर्षांची मुदत संपलेली नसली तरी युनिट्स मिळाल्याला एक वर्ष झालेले असेल, तर मृत्यूनंतर वारसाला ती काढता येतात.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. घरातल्या कोणाला तरी पासवर्ड ठाऊक असतो, म्हणून मृत्यूनंतर त्याच खात्यातून शेअर्स विकले जातात, फंड काढले जातात, पैसे त्याच बँक खात्यात येतात. हे करू नका. मृत्यूबरोबर मुखत्यारपत्रही संपते. एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरच्या वार्षिक माहिती पत्रकात) ती विक्री मृत व्यक्तीच्या पॅनवर, मृत्यूनंतरच्या तारखेला दिसते. मग ते उत्पन्न कोणाचे, कर कोणी भरायचा, टीडीएस कोणाला, याचा गुंता होतो. इतर वारसांनी आक्षेप घेतला तर प्रकरण कराच्या पलीकडे जाते.

खरेदीची किंमत आणि तारीख

मालमत्ता वारसाने मिळाली असेल तर आधीच्या मालकाची खरेदी किंमत हीच वारसाची खरेदी किंमत. आधीच्या मालकाने ती ठेवलेला काळही वारसाच्या काळात मिळवायचा. म्हणजे वडिलांनी १४ महिन्यांपूर्वी घेतलेले शेअर्स मुलाला आज मिळाले आणि उद्या त्याने विकले, तरी नफा दीर्घकालीन. मालमत्ता आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे आली असेल तर साखळी थेट आजोबांपर्यंत जाते. ज्याने पैसे मोजून घेतले त्याची किंमत आणि त्याची तारीख धरायची.

शेअर बाजारात नोंदलेले शेअर्स आणि इक्विटी फंड १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवलेले असतील तर वर्षाच्या १.२५ लाख रुपयांपर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही. त्यावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. बारा महिने पूर्ण झाले नसतील तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत.

मूळ खरेदी ३१ जानेवारी २०१८ किंवा त्याआधीची असेल तर मोठी सवलत आहे. मूळ किंमत ही एक रक्कम घ्या. ३१ जानेवारी २०१८ चा बाजारातला सर्वोच्च भाव आणि प्रत्यक्ष विक्री किंमत या दोन्हींतली लहान रक्कम ही दुसरी. या दोहोंत जी मोठी, ती खरेदी किंमत. फंडासाठी त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचे मूल्य, धरायची. ही सवलत वारसालाही पूर्ण मिळते, कारण तारीख मृत व्यक्तीच्या खरेदीची पाहायची असते.

आता आकडे. वडिलांनी २०१० मध्ये ५०० शेअर्स प्रत्येकी १२० रुपयांना घेतले. ३१ जानेवारी २०१८ चा सर्वोच्च भाव ४८० होता. ऑगस्ट २०२४ मध्ये ते गेले तेव्हा भाव ९०० होता. मुलीने डिसेंबर २०२५ मध्ये ते १,००० रुपयांनी विकले. ४८० आणि १,००० यांतले लहान ४८०, ४८० आणि १२० यांतले मोठे ४८०. म्हणून नफा शेअरमागे ५२०, एकूण २,६०,००० रुपये. त्यातून १,२५,००० वजा केले की १,३५,००० उरतात. त्यावर १२.५ टक्के म्हणजे १६,८७५, आणि ४ टक्के उपकर धरून १७,५५०. मुलीच्या इतर दीर्घकालीन नफ्याने तिची मर्यादा आधीच वापरली नसेल, असे इथे धरले आहे.

तिने ब्रोकरच्या अहवालावर विश्वास ठेवला तर काय होईल? ट्रान्समिशनने आलेल्या शेअर्सची किंमत ब्रोकरच्या अहवालात अनेकदा शून्य असते. मग नफा पाच लाख दिसतो आणि कर ४८,७५० रुपये भरला जातो, म्हणजे ३१,२०० रुपये जास्त. काही ठिकाणी ट्रान्समिशनच्या दिवशीचा भाव भरलेला असतो. तो ९०० च्या आसपास असेल तर नफा फक्त ५०,००० दिसतो, कर शून्य निघतो आणि दोन वर्षांनी नोटीस येते. दोन्ही चुका अहवाल जसाच्या तसा उचलल्याने होतात. बहुतेक ब्रोकर ॲपमध्ये खरेदीची तारीख आणि किंमत हाताने भरायची सोय असते. शेअर्स आल्या आल्याच ते करून टाकावे.

बोनस (कंपनीने फुकट दिलेले शेअर्स) आणि स्प्लिट (एका शेअरचे तुकडे) इथे जास्त त्रास देतात. ३१ जानेवारी २०१८ नंतर एका शेअरचे पाच तुकडे झाले असतील तर त्या दिवशीच्या भावाला पाचने भागायचे. हे विसरले की खरेदी किंमत पाचपट दिसते. बोनसचे गणित निराळे. त्या तारखेपूर्वी मिळालेल्या बोनस शेअर्सची मूळ किंमत शून्य असली तरी त्यांनाही ३१ जानेवारीच्या भावाचा लाभ मिळतो. त्यानंतर मिळालेल्या बोनसची किंमत शून्यच, आणि काळ बोनस मिळाल्याच्या तारखेपासून. शंभर शेअर्सवर २०१९ मध्ये शंभर बोनस आले असतील तर हे दोन वेगवेगळे गठ्ठे समजा. डिमॅटमध्ये आधी आलेले आधी विकले गेले असे धरले जाते, त्यामुळे पहिल्या शंभराच्या विक्रीत कर कमी आणि पुढच्या शंभरात जास्त येतो. एसआयपीचेही असेच. प्रत्येक हप्ता म्हणजे स्वतंत्र खरेदी, त्याला स्वतःचे १२ महिने.

१ एप्रिल २००१ पूर्वीची खरेदी असेल तर मूळ किमतीऐवजी त्या दिवशीचे बाजारमूल्य घेण्याचा पर्याय आहे. नोंदलेल्या शेअर्सच्या बाबतीत बहुधा २०१८ चा भावच जास्त असतो. घरातल्या जुन्या सोन्यासाठी मात्र २००१ चे मूल्य कामाचे. त्यासाठी दुकानदाराच्या चिठ्ठीपेक्षा नोंदणीकृत मूल्यांककाचे प्रमाणपत्र घ्यावे.

कागद सापडत नसतील तर

आधी डिमॅट खात्याचे सुरुवातीपासूनचे व्यवहार पत्रक सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या पार्टिसिपंटकडून मागवा. ट्रान्समिशन पूर्ण होऊन जुने खाते बंद होण्याआधी मागवलेले बरे, नंतर ते मिळवायला फेऱ्या माराव्या लागतात. ब्रोकरकडे कॉन्ट्रॅक्ट नोट्स आणि लेजर असते. फंडांसाठी कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांचे एकत्रित स्टेटमेंट काढा, सारांश नको, सविस्तर हवे. मृत व्यक्तीच्या ई-मेलमध्ये ‘काँट्रॅक्ट नोट’ आणि ‘अलॉटमेंट’ शोधा. जुन्या पासबुकांत अर्जाचे पैसे गेल्याची नोंद सापडते. आयपीओतले शेअर्स असतील तर वाटपाची किंमत कंपनीच्या रजिस्ट्रारकडून कळते. तारीख कळली आणि किंमत नाही, तर बीएसईच्या संकेतस्थळावर जुने भाव पाहता येतात.

एवढे करूनही आधीच्या मालकाने काय किंमत दिली ते ठरवता आले नाही, तर कायद्यात वाट आहे. जुन्या कायद्याच्या कलम ५५ नुसार मालमत्ता त्या आधीच्या मालकाकडे आली त्या दिवशीचे बाजारमूल्य खरेदी किंमत धरता येते. म्हणजे कागद नाहीत म्हणून किंमत शून्य लिहिण्याची गरज नसते. तारीख कशी ठरवली आणि भाव कुठून घेतला याची एक पानी टीप करून फाईलला लावा. मोठ्या रकमेची विक्री असेल तर हे काम विक्रीच्या आधी करायचे, जुलैमध्ये रिटर्नच्या तोंडावर नव्हे.

विकून वाटू नका, वाटून विका

१.२५ लाखांची मर्यादा माणशी आहे. वरच्या उदाहरणात वारस दोन भावंडे असतील आणि मोठ्याने नॉमिनी म्हणून सगळे विकून अर्धे पैसे बहिणीला दिले, तर सगळा नफा त्याच्या पॅनवर दिसतो. कर १७,५५० रुपये, आणि त्याच्या खात्यातून बहिणीला गेलेल्या रकमेचा खुलासा वेगळा. त्याऐवजी आधी अडीचशे-अडीचशे शेअर्स दोघांच्या डिमॅटमध्ये गेले आणि मग विकले, तर प्रत्येकाचा नफा १,३०,००० रुपये. कर लागतो फक्त पाच हजारांवर, म्हणजे ६२५ आणि उपकर धरून ६५०. दोघांचे मिळून १,३०० रुपये.

वारस आई असेल आणि तिला दुसरे फारसे उत्पन्न नसेल तर फरक आणखी मोठा होतो. निवासी व्यक्तीची न वापरलेली मूळ करमुक्त मर्यादा दीर्घकालीन नफ्याला वापरता येते. २०२५-२६ मध्ये नव्या कर पद्धतीत ती ४ लाख आहे. म्हणजे इतर उत्पन्न शून्य असेल तर ५.२५ लाखांपर्यंतच्या नफ्यावर कर येत नाही. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणारी रिबेट मात्र या नफ्याला लागू नाही, हे लक्षात घेऊन विक्री दोन आर्थिक वर्षांत विभागता येते. वारसाचा स्वतःचा जुना भांडवली तोटा असेल तर तोही वारसाने आलेल्या शेअर्सच्या नफ्यातून वजा होतो.

एखाद्या भावंडाने आपला वाटा सोडायचा असेल तर मोबदला न घेता केलेले हक्कसोडपत्र आणि पैसे घेऊन केलेले हक्कसोडपत्र यांत कराच्या दृष्टीने फरक आहे. पैसे घेतले की भांडवली नफ्याचा प्रश्न उभा राहतो. मजकूर लिहिण्याआधीच सल्ला घ्या.

बाकीची गुंतवणूक

मुदत ठेव : मृत्यूपर्यंतचे व्याज मृत व्यक्तीचे, नंतरचे वारसाचे. प्रत्यक्षात बँक बहुधा संपूर्ण व्याजाचा टीडीएस जुन्या पॅनवर कापते. बँकेला मृत्यूची लेखी सूचना लवकर दिली की हे टळते. तरीही कापला गेला, तर त्या काळाचे उत्पन्न दुसऱ्या व्यक्तीचे आहे असे बँकेला लेखी देऊन टीडीएस त्या पॅनवर दाखवायची तरतूद आहे, आणि रिटर्नच्या टीडीएस तक्त्यातही दुसऱ्याच्या पॅनवरचा टीडीएस घेण्याचा रकाना असतो. संचयी ठेवीत मृत व्यक्ती दरवर्षी व्याज दाखवत होती की मुदतीला, हे आधीची रिटर्न पाहून ठरवा. दरवर्षी दाखवलेले व्याज वारसाने पुन्हा दाखवले तर दुहेरी कर होतो.

डेट फंड (रोख्यांत पैसे गुंतवणारे फंड) : मृत व्यक्तीने १ एप्रिल २०२३ पासून घेतलेली युनिट्स कितीही वर्षे ठेवली तरी नफा अल्पकालीन धरतात आणि तो वारसाच्या स्लॅबने करपात्र होतो. त्याआधी घेतलेल्या युनिट्सबद्दल सीएशी बोलूनच रिटर्न भरा. कलमात त्या तारखेनंतर ‘घेतलेली’ युनिट्स असा शब्द आहे, आणि वारसाने ती कधी ‘घेतली’ यावर वाद निघू शकतो. मूळ तारखेचे स्टेटमेंट हाच तिथला आधार.

सोने, दागिने, शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांचे शेअर्स : २४ महिन्यांनंतर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाचा (खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरण्याचा) लाभ नाही. तो पर्याय आता निवासी व्यक्तींच्या २३ जुलै २०२४ पूर्वीच्या जमीन-इमारतींपुरता उरला आहे.

आयुर्विम्याची मृत्यूनंतर मिळणारी रक्कम करमुक्त, हप्ता कितीही मोठा असला तरी. पीपीएफची रक्कमही करमुक्त. पण नॉमिनीला ते खाते पुढे चालवता येत नाही. एनपीएसमधून (राष्ट्रीय पेन्शन योजनेतून) मृत्यूनंतर नॉमिनीला मिळणारी एकरकमी रक्कम करमुक्त, त्यातून ॲन्युइटी (नियमित पेन्शन) घेतली तर तिचे हप्ते करपात्र. मृत व्यक्तीने घर विकून कॅपिटल गेन्स अकाउंटमध्ये (नफ्यावरची करसवलत टिकवण्यासाठीच्या बँक खात्यात) पैसे ठेवले होते आणि ते न वापरताच ती गेली, तर उरलेली रक्कम वारसाच्या हाती करपात्र धरायची नाही असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९६ च्या परिपत्रकात सांगितले आहे. बँक हे पैसे सोडताना आयकर अधिकाऱ्याची परवानगी मागते, तेव्हा या परिपत्रकाचा क्रमांक ७४३ सांगावा.

काही खास परिस्थिती

वारस अज्ञान मूल असेल तर त्याच्या गुंतवणुकीचे व्याज, लाभांश आणि नफा हयात पालकाच्या उत्पन्नात मिळवला जातो. वारसाने मिळालेले असले तरी यातून सुटका नाही. मुलाला ठरावीक तीव्रतेचे अपंगत्व असेल तरच अपवाद. मूल सज्ञान होईपर्यंत विक्री लांबवता येत असेल तर त्याच्या नावाने स्वतंत्र मर्यादा मिळते.

मृत्युपत्र आहे आणि वाटप पूर्ण व्हायचे आहे, अशा काळातले उत्पन्न मृत्युपत्राचा व्यवस्थापक स्वतःच्या उत्पन्नापासून वेगळे, इस्टेटच्या, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेच्या, नावाने दाखवतो. त्यासाठी इस्टेटचा वेगळा पॅन लागतो. ज्या वर्षी ज्या वारसाला जे दिले गेले, त्यावरचे पुढचे उत्पन्न त्याचे.

वडिलांच्या स्वतःच्या कमाईतली गुंतवणूक मुलाला वारसाने मिळाली तर ती त्याची वैयक्तिक मालमत्ता होते, एकत्र कुटुंबाची आपोआप होत नाही. एचयूएफच्या (हिंदू एकत्र कुटुंबाच्या) पॅनवर ते उत्पन्न टाकून कर वाचवण्याचा प्रयत्न टिकत नाही.

अमेरिकी कंपन्यांचे शेअर्स भारतातल्या ॲपवरून घेतलेले असले तरी ते अमेरिकेतली मालमत्ता समजले जातात. भारतात राहणाऱ्या व्यक्तीची अशी मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असेल तर अमेरिकेचा इस्टेट टॅक्स लागू होतो. त्याचा दर ४० टक्क्यांपर्यंत जातो आणि तिथले विवरणपत्र नऊ महिन्यांत द्यायचे असते. भारतात वारसा कर नाही म्हणून निर्धास्त राहिलेल्या कुटुंबांना हे फार उशिरा कळते. वारसाने भारतातल्या रिटर्नमध्येही ते शेअर्स परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचे असतात.

वारसाचे स्वतःचे रिटर्न भरताना

मिळालेली मालमत्ता उत्पन्न नाही, पण करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात तिची नोंद ठेवली तर पुढे मोठ्या विक्रीचा खुलासा सोपा जातो. विक्री केलेल्या वर्षी बहुतेकांना आयटीआर-२ लागते. शेअर्सच्या ११२ए तक्त्यात ‘३१ जानेवारी २०१८ पूर्वी घेतलेले की नंतर’ असा प्रश्न येतो. उत्तर मृत व्यक्तीच्या तारखेने द्या, नाहीतर २०१८ च्या भावाचा रकानाच उघडत नाही. पूर्वीचे असतील तर प्रत्येक कंपनीची ओळ वेगळी भरावी लागते. एआयएसमध्ये विक्री दिसते पण खरेदी किंमत रिकामी किंवा चुकीची असते. ती बरोबर समजून उचलू नका, तिथेच प्रतिसाद नोंदवा.

मोठी विक्री असेल तर ॲडव्हान्स टॅक्सच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा पाहा. विक्रीनंतरच्या उरलेल्या हप्त्यांत कर भरला तर आधीच्या हप्त्यांसाठी व्याज लागत नाही. साठ वर्षांवरच्या आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या वारसाला हा कर आगाऊ भरण्याची गरज नाही.

मृत्यू दाखला, ट्रान्समिशनची पत्रे, मृत व्यक्तीचे व्यवहार पत्रक आणि किमतीची टीप एकत्र स्कॅन करून ठेवा, आणि वारसाने आलेला शेवटचा शेअर विकून त्यानंतरची काही वर्षे जाईपर्यंत जपा. मृत व्यक्तीचा पॅन रद्द करण्याचा अर्ज सर्वांत शेवटी, सगळी रिटर्न प्रक्रिया होऊन परतावे हाती आल्यावर द्या. आधी रद्द केला तर अडकलेला परतावा आणि राहिलेला टीडीएस मिळवण्याची वाट बंद होते.